गाडगे महाराज व त्यांची गोधडी

सिद्धगडाच्या पायथ्याशी असलेले हुतात्म्यांचे स्मारक आपल्या मुरबाड व शहापूर भागातील लहान मुलासही ठाऊक आहे. २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल व हिराजी पाटील हे दोघे तेथे पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. भाई कोतवाल माथेरानच्या एका न्हाव्याच्या घरी १९१२ साली जन्मले व पुढे वकील झाले, ही गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. न्हावी व परीट हे जुन्या गावगाड्यातील दोन बलुतेदार. एक लोकांचे मुख नीट करी, दुसरा लोकांची वस्त्रे स्वच्छ करी. गावाने चारचौघांत नीटनेटके दिसावे म्हणून जे राबले, त्यांसच गावाने खालच्या पंक्तीत बसविले. आज आम्ही वाचकांस ज्या पुरुषाचे चरित्र सांगणार आहो, तो या दुसऱ्या प्रकारच्या घरातला, म्हणजे परटाच्या घरातला होता. आपल्या डोंगरापासून त्याचे गाव दूर वऱ्हाडात. तथापि त्याची कथा आपल्या वाड्या-पाड्यांतील लोकांस परकी वाटणार नाही.

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव या गावी त्यांचा जन्म झाला. नाव डेबूजी, आडनाव जाणोरकर. पिता झिंगराजी व माता सखुबाई. झिंगराजीस दारूचे व्यसन जडले, आणि त्यात घरदार गेले व अखेर प्राणही गेला. विधवा सखुबाई आपल्या लहान मुलास घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी माहेरी आली. तेथे डेबूजी मामाची गुरे राखू लागला व अंगात बळ येताच नांगर धरू लागला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. मामा चंद्रभान हेही निरक्षर. त्यांनी सावकाराच्या कागदावर अंगठे दिले, पण त्या कागदांत काय लिहिले होते ते त्यांस वाचता आले नाही, व जमीन हातची गेली. ज्याला कागद वाचता येत नाही त्याच्या कष्टाची राखरांगोळी कशी होते, हे डेबूजीने त्या कोवळ्या वयात पाहिले. पुढे आयुष्यभर त्यांच्या तोंडी शाळेचा जो ध्यास दिसतो, त्याचे मूळ येथे आहे असे आम्हांस वाटते.

परटाचा धंदा कसा असे, हे तरुण वाचकांस आता सांगावे लागते. नदीकाठी भट्टी लावावी, गावाची मळकी वस्त्रे उकळावी, दगडावर आपटून धुवावी, वाळवावी व घरोघर पोहोचवावी. त्याबद्दल सुगीत बलुते म्हणून धान्य मिळे. लग्नात पायघड्या घालण्याचा मान परटाचा. त्या पायघड्यांवरून नवरानवरी व व्याही चालत जात, आणि ज्याने त्या घातल्या तो बाजूस उभा राही. मळ कोणाचाही असो, तो एकाच पाण्यात जातो, हे परटाइतके कोणास कळावे? परंतु नवल असे की, हाच परीट महारामांगांची वस्त्रे धूत नसे. वरच्याने आपणास जे केले तेच आपण खालच्यास करावे, ही रीत त्याच्याही अंगी मुरलेली होती. डेबूजी या जातीत जन्मले आणि त्यांनी पुढे कुष्ठरोग्यांची अंगे व चिंध्या आपल्या हातांनी धुतल्या, हे लक्षात ठेविले म्हणजे त्या कृत्याचे मोल कळते.

१८९२ साली कुंताबाईंशी त्यांचे लग्न झाले. मुलीच्या बारशास जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण व दारू द्यावयाची, ती त्यांनी दिली नाही. गोड जेवण घातले. जातभाई रुसले. ज्या घराचा नाश दारूने झाला त्या घरच्या मुलाने असे करावे यात आश्चर्य नाही, पण भाऊबंदांच्या रोषास तोंड देणे सोपे नसते, हे आपल्यापैकी ज्यांनी अनुभविले आहे त्यांस वेगळे सांगावयास नको. पुढे १ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडिले. त्यानंतर सुमारे बारा वर्षे ते पायी फिरत होते.

याच काळात त्यांनी तो वेष धारण केला ज्यावरून महाराष्ट्र त्यांस ओळखू लागला. अंगात रंगीबेरंगी ठिगळांची एक गोधडी, हातात खराटा, बरोबर मातीचे एक गाडगे. तेच गाडगे जेवणाचे पात्र, तेच पाण्याचे भांडे, आणि चालताना तेच पालथे करून डोक्यावर घालीत म्हणजे टोपीही झाली. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. एका पायात एक प्रकारची वहाण, दुसऱ्या पायात दुसऱ्याच प्रकारची, तीही कोणी टाकून दिलेली. लोकांनी त्यांस नावे दिली तीही या वेषावरूनच. कोठे गोधडेबुवा, कोठे चिंधेबुवा, कोठे लोटके महाराज, आणि शेवटी सर्वत्र गाडगे महाराज किंवा गाडगेबाबा. आईबापांनी ठेवलेले नाव मागे पडले व एका मडक्याचे नाव त्यांस चिकटले. माणसाकडे पाहताना आपली नजर प्रथम कोठे जाते, याचा हा चांगलाच पुरावा आहे.

अशा वेषाच्या मनुष्यास गावात शिरताना काय अनुभव येत असेल, ते सांगावयास नकोच. कोणी वेडा म्हणावे, कोणी भिकारी म्हणावे, कोणी चोर समजून हाकलावे. ते मात्र फुकटची भाकर घेत नसत. कोणाची लाकडे फोडून दे, कोणाचे अंगण झाड, शेतात कोणी एकटा राबत असेल तर त्याच्या हाताखाली काम कर, असे करून मिळेल ती भाकर गाडग्यात घ्यावी व पुढे जावे. घरधनीण शिळे वाढो की शिव्या देवो, त्यांची तक्रार नसे. गाव घाण दिसले की खराटा घेऊन ते सकाळपासून रस्ते झाडीत. दिवसभर लोक या झाडूवाल्याकडे पाहून न पाहिल्यासारखे करीत. मग रात्री तोच मनुष्य कीर्तनास उभा राही. वऱ्हाडी बोलीत, शेतकऱ्याच्या शब्दांत, श्रोत्यांस प्रश्न विचारीत, त्यांच्याकडूनच उत्तरे काढून घेत ते बोलू लागले म्हणजे हजारोंचा समुदाय तटस्थ होई. ज्यांनी सकाळी दारातून हुसकाविले तेच आता पाया पडावयास पुढे येत. आणि बाबा पाया पडू देत नसत. कोणी वाकलाच तर काठी उगारीत.

येथे थोडे थांबून विचार करण्याजोगे आहे. सकाळचा मनुष्य व रात्रीचा मनुष्य एकच होता. गोधडीही तीच होती. बदलली होती ती पाहणाऱ्याची दृष्टी, आणि तीही खरोखर बदलली होती काय, याविषयी आम्हांस शंका आहे. सकाळी चिंध्या पाहून त्यांनी भिकारी ठरविले, रात्री त्याच चिंध्या पाहून साधू ठरविले. दोन्ही वेळा निवाडा कपड्यावरूनच झाला. बाबांस हे चांगले समजत होते. भगवी वस्त्रे, भस्म व जटा यांच्या बळावर लोकांस लुबाडणाऱ्या बुवांची ते कीर्तनात भर सभेत टर उडवीत. मी कोणाचा गुरू नाही व माझा कोणी शिष्य नाही, असे ते निक्षून सांगत. पंढरपुरास वारीच्या दिवसांत ते जात, परंतु देवळात न जाता वाळवंट व रस्ते झाडीत. नवससायास व देवाच्या नावाने होणारा पशूंचा वध यांविरुद्ध ते उघड बोलत. वाचकांनी हे ध्यानी घ्यावे की ते ख्रिस्ती नव्हते, वारकरी परंपरेच्या वळणाचे कीर्तनकार होते. आम्ही त्यांस आपल्या पंथात ओढू पाहत नाही.

कीर्ती वाढली, श्रीमंत व्यापारी लाखोंची देणगी देऊ लागले. बाळासाहेब खेरांसारखे मुंबई इलाख्याचे मुख्यमंत्री त्यांस मान देऊ लागले. तरी गोधडी सुटली नाही. देणग्यांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उठल्या, मुंबईस जे. जे. रुग्णालयाजवळ खेड्यांतून येणाऱ्या रोग्यांच्या नातलगांसाठी सोय झाली. पूर्णा नदीकाठी ऋणमोचन येथे घाट बांधला गेला. त्या धर्मशाळांत ते स्वतः बाहेर अंगणात पडत, आणि चटणीभाकरीपलीकडे काही घेत नसत.

आता कपड्यालत्त्याविषयी ते लोकांस काय शिकवीत, हे पाहू. जो स्वतः चिंध्या वापरतो तो इतरांसही चिंध्याच घालावयास सांगेल, असे वाटेल. तसे नव्हते. शरीर, अंगण व वस्त्र स्वच्छ ठेवावे यावर त्यांचा कटाक्ष होता. हातातला खराटा त्याचसाठी होता. पण वस्त्रासाठी कर्ज काढणे त्यांस सहन होत नसे. भांडे नसेल तर भाकर हातावर घेऊन खावी, बायकोस कमी किमतीचे लुगडे घ्यावे, पण मुलास शाळेत घातल्यावाचून राहू नये, हा उपदेश ते प्रत्येक गावी करीत. मामाच्या अंगठ्याचे कागद येथे आठवावेत. लग्नात ऋण काढून थाट करणारास ते श्रोत्यांसमोर असे प्रश्न विचारीत की तो मान खाली घाली व शेजारचे हसत. हसणाऱ्यांवर मग पाळी येई.

आपल्याकडे म्हसे येथे पौष पौर्णिमेस जत्रा भरते. घोंगडी घ्यावी तर म्हशाच्या जत्रेत, असे जुने लोक म्हणतात, आणि थंडीच्या दिवसांत डोंगरातल्या मनुष्यास घोंगडीइतके उपयोगी वस्त्र दुसरे नाही. तीत वाईट काही नाही. परंतु त्याच सुमारास लग्नसराईची तयारी चालू होते, व बस्ता बांधण्यासाठी माणसे बाजारच्या गावी जातात. एका बस्त्यात किती जणांची पातळे, किती जणांची धोतरे व टोप्या येतात. व्याह्याच्या मावशीस हलके पातळ गेले म्हणून किती वर्षे अबोला राहतो, हे कोणास ठाऊक नाही? ज्याच्या घरी भात दिवाळीनंतर चार महिनेही पुरत नाही तोही बस्त्यात मागे राहू इच्छीत नाही. एक नूर आदमी, दस नूर कपडा, ही म्हण लोकांच्या तोंडी उगीच बसलेली नाही. कचेरीत, दवाखान्यात, मोटारीच्या अड्ड्यावर तिचा अनुभव गरिबास रोज येतो. लंगोटी लावलेल्या ठाकरास किंवा कातकऱ्यास अरेतुरे व्हावे, आणि विजार-सदरा घातलेल्या त्याच्याच शिकलेल्या मुलास खुर्ची मिळावी, असे घडत आले आहे. म्हणून मनुष्य कर्ज काढूनही कपडा करतो. त्याला मूर्ख म्हणून हिणविण्यापूर्वी हे कारण आपण ओळखिले पाहिजे.

याच प्रश्नास दुसऱ्या एका थोर पुरुषाने वेगळे उत्तर दिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे नेहमी कोट, पाटलोण व गळपट्टा अशा नीटनेटक्या पोशाखात असत. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी त्यांनी अस्पृश्य समाजातील स्त्रियांस सांगितले की, जुन्या तऱ्हेचे आखूड नेसणे व गळ्यातील आणि हातांतील ते ओझ्याचे दागिने, ज्यांवरून तुमची जात लांबून ओळखू येते, ती सोडून द्या. इतर स्त्रियांप्रमाणे पायघोळ नेसा. वस्त्र फाटके असले तरी चालेल, पण स्वच्छ असू द्या. त्या उपदेशाचा परिणाम तेथल्या तेथे झाला, आणि बायका दुसऱ्या रीतीने नेसून परिषदेत वावरू लागल्या. आज हे वाचताना साधी गोष्ट वाटते. पण कोणत्या जातीच्या स्त्रीने पदर कसा घ्यावा व लुगडे कोठवर नेसावे हे गाव ठरवीत होते, आणि ती मर्यादा ओलांडणारीस शिव्या व मार मिळत होता, हे ज्यांच्या आजीपणजीने भोगले त्यांस ती साधी वाटणार नाही.

तर मग एक जण चिंध्या घालतो आणि दुसरा चिंध्या टाकावयास सांगतो. यांत बरोबर कोण? आमच्या मते गाडगेबाबांच्या चिंध्या त्यांनी स्वतः निवडिल्या होत्या. ज्याच्यावर त्या पिढ्यान्‌पिढ्या लादल्या गेल्या, त्याने त्यांचे कौतुक का म्हणून करावे? त्याने स्वच्छ सदरा घालून ताठ चालावे, हेच योग्य. या दोघांत परस्परांविषयी मोठा आदर होता, यावरून त्यांस हे कळत होते असे दिसते. बाबांनी पंढरपुरास अस्पृश्य यात्रेकरूंसाठी चोखामेळा धर्मशाळा बांधविली होती, कारण तेथील इतर धर्मशाळांत त्यांस उतरू देत नसत. ती इमारत १९४९ साली आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीस विद्यार्थ्यांसाठी देण्यात आली. असेही सांगतात की, बाबा मुंबईस रुग्णालयात असता आंबेडकर दोन घोंगड्या घेऊन भेटीस गेले, आणि कोणाकडून कधी काही न घेणाऱ्या त्या मनुष्याने त्या घोंगड्या ठेवून घेतल्या.

आमच्या मंडळ्यांतील प्रचारकांस एक गोष्ट नित्य आढळते. एखादे कुटुंब दोनतीन आठवडे उपासनेस दिसत नाही. चौकशी करता कळते की आजारपण नाही, भांडण नाही. धड वस्त्र नाही म्हणून बाई घराबाहेर पडत नाही. मुले शाळेच्या गणवेशात येतात, बाप दारापर्यंत येऊन बाहेरच बसतो. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात नेमका हाच प्रसंग आहे: सोन्याची अंगठी घातलेला एक, मळक्या वस्त्राचा दुसरा, आणि कोणास कोठे बसविले त्याची हकीकत. हा अध्याय आपण पुष्कळदा वाचला आहे. नाताळात पुढच्या चटईवर कोण बसते, हेही पुष्कळदा पाहिले आहे. पाळकाच्या व प्रचारकाच्या स्वतःच्या कोटाविषयीही येथे काही लिहिता येईल, पण तो विषय लांबेल.

गाडगेबाबांच्या चरित्रात आम्हांस एक जागा खुपते, ती न लपविता सांगितली पाहिजे. त्यांच्या नावावर इतक्या धर्मशाळा उभ्या राहिल्या, पण आपल्या आप्तांचा त्यांवर काडीचाही हक्क नाही, असे त्यांनी ठरविले होते. हा बाणा थोर खरा. परंतु कुंताबाईंनी ज्या हालात दिवस काढिले ते पाहता, तो बाणा त्यांनी निवडला होता की त्यांच्यावर येऊन पडला होता, असा प्रश्न मनात येतो. लादलेल्या चिंध्यांविषयी जे वर लिहिले ते त्या माउलीसही लागू होते. चरित्रकार या गोष्टीवरून भराभर पुढे जातात.

शेवटपर्यंत ते फिरतच राहिले. नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईस वांद्र्याच्या पोलीस ठाण्याच्या आवारात त्यांचे कीर्तन झाले. शरीर तेव्हा थकले होते. ६ डिसेंबर रोजी आंबेडकर वारले, ती वार्ता ऐकून त्यांस फार दुःख झाले. त्यानंतर पंधरा दिवसही गेले नाहीत. २० डिसेंबर १९५६ रोजी मोटारीतून अमरावतीकडे जात असता, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी त्यांचा प्राण गेला. तेथून देह अमरावतीस नेला. ज्या जागी अंत्यविधी झाला त्या वस्तीस आता गाडगेनगर म्हणतात, आणि त्या शहरातील विद्यापीठास या निरक्षर परटाचे नाव दिलेले आहे. सन २००० पासून राज्य सरकारने त्यांच्या नावे ग्रामस्वच्छतेचे अभियान चालविले. त्या वेळी पुष्कळ गावांच्या चावडीवर हातात खराटा घेतलेले त्यांचे चित्र लागले; ते अजूनही कोठे कोठे दिसते.